पर्यावरणपूरक हनिमूनच्या नावाखाली 20,999 रुपये गेले, ताडोबाला जाणाऱ्या नव्या जोडप्यांनी वाचा

बुकिंगचे 5,500. जिप्सी सफारीचे 8,400. ‘वृक्ष निधी’ म्हणून 2,100. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून 4,999. एकूण 20,999 रुपये. यंदा आमचा कापूस क्विंटलला सात हजारांनी गेला, म्हणजे तीन क्विंटल कापूस त्या हरामखोराच्या घशात गेला. वेचाईची मजुरी तर धरलीच नाही.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. लग्नात थर्माकोलची एक ताटली वापरली नाही, पंगत पळसाच्या पत्रावळीवर उठली. मग फिरायला गोव्याला विमानानं कशाला जायचं? ताडोबा आपल्या अंगणात आहे, एसटीनं जाऊ, मातीच्या घरात राहू, गावातल्याच बाईच्या हातचं जेवू, पैसा गावात राहील, असं आम्ही दोघांनी ठरवलं. यात वेडेपणा काय होता ते मला अजून कळलं नाही. नातेवाईक मात्र आता तेच ऐकवून राहिले.

जाहिरात फोनवर आली. बांबूचं कॉटेज, सोलर दिवे, प्लास्टिकबंदी, चुलीवरचं जेवण. माणूस आपल्याच बोलीत बोलायचा. ‘भाऊ, वहिनींच्या अन् तुमच्या नावानं मोहाची दोन रोपं लावतो, प्रमाणपत्र पाठवतो.’ पाठवलंही. हिरव्या कडेचं, दोघांची नावं छापलेलं. बायकोनं ते सगळ्या मैत्रिणींना दाखवलं. बाकी पैशांपेक्षा हे 2,100 मला जास्त लागतात, कारण ते आम्ही मौजेसाठी दिले नव्हते, झाडांसाठी दिले होते.

आता जे दिसायला पाहिजे होतं ते सांगतो. सफारीचा परमिट म्हणून त्यानं जो कागद पाठवला त्यावर शिक्का होता, मोहर्ली गेट होतं, सकाळची फेरी होती, तारीख होती. वार नव्हता. ती तारीख मंगळवारची. ताडोबाचा कोर भाग, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंद असतो! गेटवरच्या पोरासोरांना हे ठाऊक आहे. तो कागद मी किती वेळा उघडून पाहिला असेल, आणि भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. पण हळद, मांडव, पाहुणे, आचारी या धबडग्यात कागदावरच्या तारखेचा वार कोण काढून पाहते? शिक्का मारलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

दुसरं म्हणजे त्यानं आमचे ओळखपत्राचे नंबर मागितलेच नाहीत. खऱ्या बुकिंगला प्रत्येक पर्यटकाच्या ओळखपत्राचा नंबर द्यावा लागतो आणि गेटवर तेच मूळ कार्ड दाखवावं लागतं. नुसतं नाव घेऊन कोणी परमिट देत असेल तर तिथंच फोन ठेवा. ताडोबाचं बुकिंग वनविभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतं, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं.

मोहर्लीला उतरल्यावर त्याचा फोन बंद. गेटजवळच्या एका जिप्सीवाल्यानं आमचा कागद पाहिला आणि म्हणाला, ‘भाऊ, मंगळवारी कोर बंद रायते. कोनं देल्ला तुमाले हा कागद?’ मग कॉटेजचा फोटो मोठा करून त्यानं बोट ठेवलं. कॉटेजमागं उंच, सरळ, बारीक खोडाची झाडं होती. पोफळी. सुपारीची झाडं ताडोबात! इथं साग आहे, बांबू आहे, मोह आहे. फोटो कोकणातला नाहीतर कर्नाटकातला असणार. आम्ही जंगलाच्या जिल्ह्याला लागून राहणारी माणसं, पण फोटोत माणूस खोली पाहतो, झाडं नाही. तुम्ही झाडं पाहा.

बायको तिथंच रस्त्याच्या कडेला बॅगवर बसून राहिली. हातावरची मेहंदी अजून उतरली नव्हती.

आता सरकारी खात्यांचं ऐका. तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवले, तुमच्या ठाण्यात जा. आमच्या ठाण्यात म्हणाले, रिसॉर्ट ताडोबातलं, तिकडं जा. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये सरळ लिहिलं आहे की दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात असा गुन्हा, कुठंही घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. हे मला वकील असलेल्या मावसभावानं सांगितलं, ठाण्यात कोणी सांगितलं नाही. उलट एका हवालदारानं बायकोसमोर विचारलं, ‘हनिमूनले जंगलात कायले गेले होते?’ आणि बाकीचे हसले. चोर सोडून आम्हालाच आरोपीसारखं उभं केलं. शेवटी अदखलपात्र नोंदीची एक चिटोरी हातात ठेवली. वीस हजारांची फसवणूक, खोटा सरकारी शिक्का, आणि ही अदखलपात्र! बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही. सायबरवाल्यांनी विचारलं, लेखी तक्रारीला एवढा उशीर का केला? अरे, तुमच्या दोन ठाण्यांनी चेंडूसारखं टोलवलं म्हणून उशीर झाला!

म्हणून सांगतो, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा, आधी 1930 लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लागत नसेल तर लावतच राहा. आम्ही तो रस्त्यावरूनच लावला होता, म्हणून शेवटच्या 4,999 पैकी 3,150 रुपये पुढच्या खात्यात अडकले. आधीचे पैसे केव्हाच पुढं सरकले होते. तक्रार क्रमांक, व्यवहाराचा नंबर, चॅट, सगळं जपून ठेवा, रागाच्या भरात त्याला ब्लॉक करून चॅट उडवू नका.

आणि डिपॉझिट आदल्या संध्याकाळी मागतात ते मुद्दाम. बॅगा भरलेल्या असतात, नाही म्हणायची सोय नसते. मुक्कामाचे पैसे पोचल्यावर देतो म्हणा. खरा होमस्टेवाला थोडं आगाऊ घेईल, पण तो गावाचं नाव, शेजाऱ्याचं नाव सांगतो, व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवतो.

परवा भाच्यानं एक जाहिरात पाठवली. तोच फोटो, त्याच पोफळी, नाव मात्र दुसरं आणि ठिकाण चिखलदरा. फोन नंबर बदललेला, ‘वृक्ष निधी’ 2,500 झालेला. मी त्याचे स्क्रीनशॉट सायबरला दिले आहेत. तुमच्यापैकी कोणी तिथं पैसे भरले असतील तर हे वाचून झाल्याबरोबर 1930 लावा, आणि मला कळवा, आपण एकत्र तक्रार देऊ.