डोंगल जागेवर नसेल तर व्हीएमने अडावं की उठावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचे कॉम्प्युटर मी बघतो. तिथल्या लिनक्स सर्व्हरवर केव्हीएममध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवायची लिनक्सची सोय) अजून विंडोज एक्सपी आहे, जेकार्ड मागाच्या नक्षीच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी. ते यूएसबी डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची किल्ली असलेल्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूशिवाय, उघडत नाही. मे महिन्यात लाइट गेली, आली, सर्व्हर उठला. एक्सपी काही उठेना. डोंगल डिझायनरच्या खिशात, डिझायनर पंढरपुरात! त्याच एक्सपीत बिलंही होती, त्यांना डोंगल लागतसुद्धा नव्हतं.

केव्हीएमच्या व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट सॉफ्टवेअरमध्ये यावर ‘स्टार्टअप पॉलिसी’ आहे. काहीच लिहिलं नाही तर ‘मँडेटरी’ धरलं जातं: वस्तू नाही, तर व्हीएम नाही. आमचं तेच झालं. ‘ऑप्शनल’ लिहिलं की नसलेली वस्तू वगळून व्हीएम उठते. मधलं ‘रिक्विझिट’ नव्याने सुरू करताना अडतं, पण सेव्ह केलेली व्हीएम परत उठवताना किंवा दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना सोडून देतं. एकाच सर्व्हरच्या कारखान्यात त्याचं फारसं काम पडत नाही.

डोंगलला मी ‘ऑप्शनल’ केलं. फक्त एक गोम आहे: डोंगल नंतर खोचलं तर ते आपोआप आत जात नाही, हाताने जोडावं लागतं. इथे व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) सरस. त्याचा यूएसबी फिल्टर डोंगल नसेल तर गप्प बसतो आणि खोचलं की उचलून आत देतो. सर्व्हरपाशी कॉम्प्युटरचं जाणणारं कोणी नसेल तर मी व्हर्च्युअलबॉक्सच सुचवेन. आमच्याकडे मी फोनवरून जोडून देतो, म्हणून केव्हीएम राहिलं.

लिबव्हर्टमध्ये डोंगल बस आणि डिव्हाइस नंबराने नोंदवू नका. काढून परत खोचलं की नंबर बदलतो आणि समोर असलेलं डोंगलही ‘सापडत नाही’. व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा आणि मॉडेलचा ठरलेला क्रमांक) द्या. एकाच जातीची दोन डोंगलं असतील तर मात्र आयडीने भागत नाही.

सीडीच्या आयएसओला (सीडीची फाइलमधली नक्कल) बिनधास्त ‘ऑप्शनल’. बिलांच्या डेटा डिस्कला चुकूनही नाही, जरी लिबव्हर्ट १.१.२ पासून हार्ड डिस्कलाही ती सोय आहे. डिस्क वगळून एक्सपी उठली, बिलांच्या सॉफ्टवेअरने ‘डेटा नाही, नवीन कंपनी उघडू का?’ विचारलं आणि कोणी ‘हो’ दाबलं, तर दोन दिवसांची बिलं भलतीकडेच जमा होतील. तिथे व्हीएम अडलेलीच बरी. निदान मला फोन तरी येतो.