साडेनऊशेची जाड गी, अकरा महिने आणि माझी अनामिका

गी म्हणजे ज्युदोचा गणवेश. माझी ९५० ग्रॅमची, दुहेरी विणीची, पांढरी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जाडीच्या कुठल्याही गीबद्दल मी हेच लिहिलं असतं. दुखण्याचे, सर्दीचे आणि निव्वळ आळसाचे दिवस वजा केले तर अकरा महिन्यांत शंभरेक वेळा ती घालून मॅटवर उतरले असेन. वय ४१. याआधी आयुष्यात कुणाला साधा धक्काही मारलेला नव्हता.

पहिले दोन महिने मी क्लासमधली एक जुनी, पातळ, कुणाकुणाच्या घामाने पिवळी पडलेली गी वापरत होते. ती कुणाच्याही मुठीत सहज यायची. आमच्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा आहे, हात म्हणजे सांडशी. त्याने कॉलर धरली की मी संपलेच. मग कुठेतरी वाचलं की गी जितकी जाड तितकी समोरच्याला पकड घेणं अवघड, कारण जाड कापडाची घडी मुठीत मावत नाही. हे वाचून मी सगळ्यात जाड जी मिळेल ती मागवली. ग्रॅमचा आकडा कापडाच्या दर चौरस मीटरला असतो. ५५० च्या आसपास सरावाची साधी गी, ७५० च्या आसपास स्पर्धेची आणि ९५० म्हणजे पांघरूण.

हो, पकड घेणं खरंच अवघड झालं. साधारण तीन आठवडे.

चौथ्या आठवड्यात तो मुलगाही तसलीच जाड गी घालून आला. आता मला त्याची पकड मिळेना, त्याला माझी. दोघंही तेच कापड तेवढ्याच जोरात आवळायचो, तो हिसडा द्यायचा आणि त्या हिसड्याचा सगळा भार माझ्या बोटांच्या मधल्या सांध्यांवर यायचा. पातळ कापड ताणलं की थोडं देतं, निसटतं. जाड कापड देत नाही. मग द्यायचं कुणी? सांध्याने. जाड गी विकणारा हे सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

आधी कापडाबद्दल लिहिते, बोटांकडे नंतर वळते. कोरडी असताना पूर्ण गीचं वजन घरच्या काट्यावर २.२ किलो भरलं. क्लासची जुनी १.३ होती. दीड तासाच्या सरावानंतर पिशवी उचलताना फरक खांद्याला कळतो. 'आधीच आटवलेली' असं लिहून आलं होतं, तरी पहिल्या सहा धुण्यांत बाही साडेतीन सेंटिमीटर आटली, आणि तेही थंड पाण्यात धुऊन. गरम पाण्यात टाकली असती तर ती कुणा लहान मुलाला देऊन टाकावी लागली असती. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे बाही मनगट झाकेल इतकी हवी. मला स्पर्धेत उतरायचं नाही, पण आखूड बाहीचा तोटा सरावातही होतोच, कोपर आणि हात मॅटवर घासून सोलवटतात. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला तेव्हाच्या गीच्या बाह्या आणि विजारी आखूडच असायच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लांब झाल्या, आणि माझी कोपरं पाहिल्यावर का झाल्या असतील ते सांगायला नको.

ही गी सुकायला दीड दिवस घेते, दमट हवेत दोन. आठवड्याला तीन दिवस सराव आणि एकच गी, हे गणित बसतच नाही. ओली गी परत अंगात चढवण्याचा प्रयोग मी एकदा केला. त्याची फळं पुढे येतील. विजारीबद्दल इतकंच, की ती पुरुषांच्या मापाने कापलेली आहे. कमरेला बसवली तर मांड्यांना आवळते, मांड्यांना बसवली तर नाडी ओढून ओढून कमरेला चुण्या पडतात. बायकांनी माप उंचीवरून न घेता मांड्यांच्या घेरावरून घ्यावं. बायकांनी आत पांढरा टीशर्ट घालायचाच असतो, स्पर्धेत तर तो नियमच आहे. तो नीट लांब घ्या, नाहीतर अर्धा वेळ तो खोचण्यातच जातो.

गुडघ्याशी दुहेरी अस्तर आहे, ते मात्र उत्तम. अकरा महिन्यांत एक धागाही सुटला नाही. कॉलरही अजून ताठ आहे, मानेला सुरुवातीला करवतीसारखी लागायची, आता सवय झाली.

आता अनामिका. डाव्या हाताची. सराव मोकळा चालला होता. मी त्या मुलाची बाही धरली, तीही चुकीची. बोटं बाहीच्या आतल्या बाजूला घातली होती. स्पर्धेत बाहीच्या तोंडात बोटं घालायला मनाई आहे. मला वाटायचं हा नियम निव्वळ समोरच्याची सोय म्हणून असेल. त्याने हात फिरवला, बाहीचा पीळ पडला आणि माझं बोट त्या पिळात राहिलं. आवाज आला. मोठा नव्हे, ओली काडी मोडल्यासारखा. आणि मी मूर्खासारखी आणखी वीस मिनिटं खेळले, कारण दुखत नव्हतं. घरी पोचेपर्यंत बोट वांग्यासारखं जांभळं आणि गुळगुळीत झालं होतं.

हाड शाबूत होतं. मधल्या सांध्याचे बाजूचे अस्थिबंध ताणले गेले होते. डॉक्टरांनी ते बोट शेजारच्या बोटाशी बांधून दिलं आणि वर सांगितलं, बांधलं तरी हलवत राहा, नाहीतर सांधा आखडेल. मी मात्र चार दिवस बर्फ घेऊन बसले होते. विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणं हा मंत्र गेब मर्किन या डॉक्टरांनी १९७८ मध्ये लिहिला. २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. दुखणं कमी करायला बर्फ ठीक, चार दिवस नव्हे. बोटाची सूज जायला मात्र चार दिवस नाही, चार महिने लागले, आणि सांधा अजून जाड आहे. अंगठी तिथून पुढे सरकत नाही.

आमच्या एका सोबत्याचं याहून वाईट झालं. मॅटवर बोटाचं टोक ठेचलं आणि पेर खाली लोंबायला लागलं, नख सरळ होईना. दुखत फारसं नव्हतं म्हणून त्याने दहा दिवस काढले. हे बोट सरळ करणारा स्नायुबंध तुटल्याचं लक्षण. सहा ते आठ आठवडे आधाराची पट्टी (स्प्लिंट) लावून टोक सतत सरळ ठेवावं लागतं, आणि मधे एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्याचं अंघोळ करताना वाकलं, सहाव्या आठवड्यात. बोट दुखतंय का यापेक्षा ते स्वतःच्या ताकदीने सरळ होतं का, हे आधी पाहायचं.

मग टेप आली. पांढरी, न ताणली जाणारी, झिंक ऑक्साइडची. बोटांसाठी सव्वा सेंटिमीटर रुंदीची पुरते, रुंद घेतली तर उभी फाडत बसावं लागतं. सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक वेढा आणि मधे फुलीसारखी आडवी-तिडवी, सांधा मोकळा ठेवून. बांधल्यावर नख दाबून पाहायचं. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं नाही तर सोडून सैल बांधायची. हात घामेजायच्या आधी लावायची, नंतर ती चिकटत नाही. एक रोल मला तीन आठवडे जातो आणि अकरा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या वस्तूंत पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते याच्यात.

आणि नुकसानही याच्यातच झालं. टेप बांधली की बोट दुखत नाही, म्हणून मी तीच पकड, तोच हिसडा, तोच मुलगा असं दोन महिने चालू ठेवलं. शेवटी सरांनी एक दिवस टेप काढायला लावली आणि म्हणाले, "आज उघड्या हाताने खेळा. जी पकड दुखेल ती सोडून द्या." पहिल्या दहा मिनिटांत मी चारदा पकड सोडली. त्या दिवशी कळलं की मी कापड पाचही बोटांनी आवळत होते. बाही धरायची ती करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाने, तर्जनी सैल. आणि समोरच्याने झटका दिला की सोडायचं, परत धरायचं. आपल्याकडे कुस्तीतले लोक पकड सुटली की हळहळतात. ज्युदोत कापड आहे म्हणून आपण चिकटून राहतो, हा सगळा घोटाळा त्यामुळे.

त्या मुलाबद्दल थोडं. पहिले काही दिवस तो मला काकू म्हणायचा. मी त्याला एकदा जमिनीवर गळ्याला पेच लावून थोपटायला लावलं, तेव्हापासून ताई म्हणतो.

थोपटणं ही या खेळातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय. समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटलं की तो सोडतो. हात अडकलेले असतील तर तोंडाने सांगायचं. माझ्या बरगडीचं दुखणं मी न थोपटल्यामुळेच. एका वजनदार गृहस्थांनी मला खाली दाबून धरलं होतं, मान-हात कवेत घेऊन छातीवर बसतात तसं. श्वास मिळत होता म्हणून मी थोपटले नाही. बरगडीचा कूर्चा दुखावला. सहा आठवडे शिंक आली की मी भिंत शोधायचे.

पडायला शिकवण्यात मात्र आमचे सर कडक. पहिले सहा आठवडे नुसतं पडणं. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून थोडा दूर तिरका आपटायचा आणि पडताना जमिनीवर हात टेकवायचा नाही. टेकवलेल्या हातानेच मनगट, कोपर, गळपट्टीचं हाड जातं. तेव्हा कंटाळा यायचा. गेल्या महिन्यात पावसात जिन्यावरून घसरले आणि हनुवटी आपोआप छातीला गेली, हात टेकला नाही. पार्श्वभाग निळा झाला, बाकी काही नाही.

मी आता दोन गोष्टी स्पष्ट सांगते. एक, माझ्याशी खेळताना तानी ओतोशी हा पाडण्याचा डाव नको. त्यात डाव मारणारा बाजूने मागे जाऊन खाली बसतो. नवशिक्याचा अंदाज चुकला तर तो थेट समोरच्याच्या गुडघ्यावर बाजूने पडतो आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध जातो. दोन, ज्याला प्रत्येक सरावात जिंकायचंच असतं त्याच्याशी मी खेळत नाही. याचं वाईट वाटून घेणारे असतात. त्यांच्यातले काही यामाशिता या जपानी ज्युदोपटूची गोष्ट ऐकवतात. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये पोटरीचा स्नायू फाटलेला असताना यासुहिरो यामाशिता अंतिम लढत जिंकला, हे खरं आहे. पण त्याच यामाशिताचा पाय १९८० मध्ये कानी बासामी या कात्रीसारख्या डावाने मोडला होता आणि आज स्पर्धेत त्या डावाला बंदी आहे, हा भाग कुणी सांगत नाही. शिवाय त्याची ऑलिम्पिकची अंतिम लढत होती. माझा मंगळवारचा सराव आहे.

ओल्या गीच्या प्रयोगाची फळं: दंडावर गजकर्ण. नाण्याएवढं गोल, कडा लाल. दोन आठवडे मलम आणि मॅटपासून दूर, कारण ते इतरांना लागतं. तेव्हापासून प्रत्येक सरावानंतर गी त्याच रात्री पाण्यात, उलटी करून, ब्लीच न घालता. ब्लीचने सूत कमजोर होतं. पट्टाही धुते. पट्टा धुतला की मेहनत वाहून जाते असं मानणारे आहेत. मेहनतीसोबत बुरशीही वाहून जाते, मला चालेल.

माउथगार्ड उकळून चावून बसवायचा घेतला होता. पहिला जास्त उकळल्याने आक्रसला, दुसरा नीट बसला, त्याबद्दल तक्रार नाही. गुडघ्याची पट्टी घेतली, ती सरकते, घेऊ नका.

पुढच्या दोन गी साडेपाचशेच्या, एक माप मोठ्या घेणार आहे, म्हणजे आठवड्यात त्या आलटून पालटून वापरता येतील आणि माझी बोटं जरा उसंत घेतील. जाड गी आता कपाटातच राहील. मुलगा परवा विचारत होता, "ताई, विकणार का? माझी फाटत आली." नाही म्हटलं. त्याची जाड गी फाटायची मी पाच महिने वाट बघतेय.