गन शोला जावं की कोपऱ्यावरच्या दुकानात?

डॅलसच्या आसपास कुठल्या ना कुठल्या मैदानावर दर दोन-तीन महिन्यांनी गन शो, म्हणजे बंदुकांचा बाजार, लागतो, आणि त्या आठवड्यात मला एक तरी फोन येतोच. "काय रे, तिथे स्वस्त मिळतं का?" विचारणारा बहुतेक वेळा नुकताच ग्रीन कार्डवर आलेला असतो. रेंजवर भाड्याचं पिस्तूल दोन-चारदा चालवून झालेलं असतं आणि आता स्वतःचं घ्यायचा विचार चाललेला असतो. (अजून एच-वन-बीवर असाल तर इथेच थांबा. त्या व्हिसावर सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद आहे, पण तो मित्राच्या सांगण्यावरून नको, वकिलाला विचारून वापरा.) प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

मी दोन्हीकडून खरेदी केली आहे. शोमधून दोन, दुकानातून चार. या हिशेबावरून माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल, तरी दोन्ही बाजू मांडायचा प्रयत्न करतो.

आधी पैशांचं. शोचं तिकीट १५ डॉलर, पार्किंग १०. म्हणजे एकही टेबल बघायच्या आधी २५ डॉलर गेले. आत नवी कोरी पिस्तुलं मांडून बसलेली मंडळी तीच असतात, जी एरवी तुमच्या-माझ्या गावात दुकान चालवतात. त्यांनी टेबलाचं भाडं भरलेलं असतं, दोन रात्री मोटेलात काढलेल्या असतात. ते तुम्हाला फुकट का वाटतील? नव्या मालात मला आजवर फार तर २०-३० डॉलरचा फरक दिसला, आणि तो तिकिटाने खाल्ला. सेल्स टॅक्स दोन्हीकडे तोच, आमच्याकडे सव्वाआठ टक्के. कार्ड दिलं की बरेच टेबलवाले वर तीन टक्के लावतात. मग तुम्ही हॉलमधल्या एटीएमच्या रांगेत उभे राहता आणि ते मशीनही आपली दक्षिणा घेतंच.

कागदपत्रांबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे, की शोमध्ये काही विचारत नाहीत. केंद्राचा परवाना असलेल्या विक्रेत्याला मैदानावरही गिऱ्हाइकाच्या माहितीचा तोच सरकारी फॉर्म ४४७३ भरून घ्यावा लागतो, आणि १९९८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेत तुमचं नाव सहसा तपासावं लागतं. शेजारच्या टेबलावर एखादे आजोबा स्वतःच्या संग्रहातल्या दोन बंदुका विकायला बसले असतील, तर त्यांना मात्र केंद्राच्या कायद्याने ही तपासणी बंधनकारक नाही, आणि टेक्सासनेही ती सक्तीची केलेली नाही. कायद्याला चालतं, पण माझ्या मनाला चालत नाही. पावती नाही, माल कुणाचा, कुठून आला, काही कळायला मार्ग नाही. उद्या ती बंदूक चोरीची निघाली तर ते आजोबा कुठे शोधायचे? तिथे मिळणारी स्वस्ताई मी सोडून देतो. तुमचं तुम्ही बघा.

काडतुसांचं थोडक्यात सांगतो. बोर्डावरची मोठी किंमत हजाराची आहे की पाचशेची, ते आधी वाचा आणि एका गोळीला किती सेंट पडले ते फोनवर काढा. बंद खोक्यात कधी कधी बरा भाव मिळतो. प्लास्टिकच्या पिशवीत सुटी भरलेली, घरी पुन्हा दारू ठासलेली काडतुसं मात्र फुकट दिली तरी घेऊ नका. कुणी किती दारू भरली हे त्या पिशवीवर लिहिलेलं नसतं, आणि स्फोट तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होणार असतो.

आता शोची खरी श्रीमंती. दुकानदार जे ठेवूच शकत नाही ते तिथे असतं. बंद पडलेल्या मॉडेलांची मॅगझिनं, चामड्याची जुनी होल्स्टरं, संगिनी, सुटे स्क्रू, वरचं राजचिन्हाचं शेवंतीचं फूल घासून टाकलेल्या जपानी अरिसाका रायफली. ओक्लाहोमात टल्साला एप्रिल आणि नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा जो शो भरतो, त्यात चार हजारांहून जास्त टेबलं असतात. एका दिवसात तो फिरून होत नाही. आम्हाला गाडीने चार तास लागतात, आणि पाहायचं म्हणून एकदा जाच. फक्त एवढं लक्षात ठेवा, की टेक्सासच्या रहिवाशाला तिथे हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) घेऊन थेट घरी येता येत नाही, ती आपल्या राज्यातल्या परवानाधारकामार्फतच यावी लागते. रायफल तिथल्या परवानाधारकाकडून घेता येते. टल्साची गोष्ट निराळी. गावोगावच्या शोमध्ये निम्मी टेबलं सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, चाकू, टी-शर्ट आणि साखरेत घोळलेल्या पेकनची असतात. जत्राच ती. पोरं घेऊन गेलात तर दोन तास छान जातात.

पण माझा निर्णय या कशानेच झाला नाही. तो झाला एका केबल टायमुळे. दहा सेंटची प्लास्टिकची पट्टी.

शोमधली प्रत्येक बंदूक केबल टायने बांधलेली असते. रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, उघडत नाही, चाप ओढता येत नाही, रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फिरत नाही. नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. १९ जानेवारी २०१३ ला एकाच दिवशी रॅली, मेडिना आणि इंडियानापोलिस अशा तीन गावांतल्या शोमध्ये चुकून बार उडाले आणि पाच माणसं जखमी झाली होती. हजारो माणसांच्या गर्दीत मोकळी बंदूक नकोच. पण जुना माल घ्यायला आलेल्या माणसासाठी हे म्हणजे बैलबाजारात मुसकं बांधलेला बैल विकण्यासारखं आहे. दात बघू नका, किंमत बोला.

तीन वर्षांपूर्वी एका शोमध्ये, अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर, दोन रशियन मोसिन रायफलींच्या मध्ये मला एक ओळखीचं बोथट नाक दिसलं. दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी कड्यावर कोरलं होतं: आर एफ आय, १९६६. रायफल फॅक्टरी, इशापूर, आपल्या बंगालमधली. मी भुसावळचा. स्टेशनवर पोलिसांच्या खांद्याला थ्री नॉट थ्री बघत मोठा झालेला. ही तिचीच धाकटी बहीण. चीनच्या युद्धानंतर इशापूरने त्याच घाटावर ७.६२ चं काडतूस चालवणारी रायफल काढली. आधी टू-ए, मग टू-ए-वन. पहिलीच्या मागच्या साइटवर दोन हजार मीटरपर्यंत आकडे होते. दुसरीवर जरा शहाणपणा येऊन ते आठशेवर थांबले. ही दुसरी होती. हाताने लिहिलेलं लेबल, "इशापूर, नळी उत्तम." किंमत ४६०.

बोल्टच्या दांडीपासून चापाच्या कड्यापर्यंत पांढरा टाय आवळलेला. मी म्हटलं, "एवढा कापता का? नळी बघतो आणि तुमच्यासमोरच दुसरा बांधतो." टेबलवाला मान हलवून म्हणाला, "शोचा नियम आहे. पैसे दिल्यावर बाहेर नेऊन काप." मग त्याने फोनवर एका चकचकीत नळीचा फोटो दाखवला. कुठल्या नळीचा, देव जाणे. मी तोंडाकडून टॉर्च मारली. पहिला इंचभर भाग लख्ख होता. पुढे अंधार. बोल्ट बंद असताना मागून उजेड येत नाही, त्यामुळे कळत काहीच नाही. पण कड्यावरची ती तीन अक्षरं माझ्याकडे बघत होती. फॉर्म भरला, तपासणी दहा मिनिटांत झाली, रोख मोजले.

घरी ओट्याशेजारच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, स्वयंपाकघरातल्या कात्रीने टाय कापला, बोल्ट काढला आणि मागून फोनचा दिवा धरला. तोंडाकडचा भाग स्वच्छ. तिथून मागे, काडतुसाच्या घरापर्यंत, नळीतले आटे जागोजागी खाल्लेले. पावसाळाभर अंगणात पडलेल्या पाइपासारखी नळी. कधीतरी कुणीतरी चालवून न पुसता ठेवली असणार. बायको शेजारीच वांगी भाजत होती. तिने एकदा त्या नळीतून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, भरताचं वांगं घेताना तुम्ही देठ उचलून कीड बघता. आणि हे चारशे साठ डॉलरचं न बघता आणलंत?"

परत द्यायला जाणार कुठे? रविवार संध्याकाळ झाली होती, मैदान रिकामं. पावतीवर शिक्का होताच, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. रेंजवर शंभर यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या, त्या जेवणाच्या ताटाएवढ्या घेरात पडल्या. आता ती भिंतीवर आहे. शोभेला छान दिसते.

याच्या उलट आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचा अनुभव. वापरलेल्या मालाचा रॅक काउंटरच्या मागे आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे पोलिसांनी नव्याच्या बदल्यात दिलेलं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० रिव्हॉल्व्हर होतं. मी बोट दाखवल्यावर दुकानदाराने सिलिंडर उघडून, रिकामं असल्याचं मला आणि स्वतःला दाखवून, ते रबरी चटईवर ठेवलं आणि खणातून बारीक वाकडी टॉर्च काढून दिली. मी नळी पाहिली. मग त्याला विचारून घोडा अगदी सावकाश मागे ओढला, सहाच्या सहा वेळा, सिलिंडर दर वेळी जागेवर येऊन टक्क बसतं का ते ऐकत. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बघायची खरी गोष्ट हीच, आणि टाय बांधलेला असला तर नेमकी हीच बघता येत नाही. मुठीच्या लाकडाचा एक टवका उडाला होता, तो त्यानेच आधी दाखवला. शोमध्ये तसंच एक मी साधारण ४०० ला पाहिलं होतं, याने ४२५ घेतले. वरचे २५ त्या टॉर्चचे, असं मी धरतो. शिवाय शोचं तिकीट आणि पार्किंगही तेवढंच होतं.

दुकानांची बाजू फार चढवून ठेवायची नाही. वापरलेला माल दुकानात साधारण महागच पडतो, आणि निवड कमी. काही दुकानांत काउंटरवाल्याचा ताठा असा, की आपला रंग आणि उच्चार ऐकून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. असं एक दुकान मी कायमचं सोडलं. शोमध्ये ही कटकट नाही. तिथे टेबलामागच्या म्हाताऱ्यांना बोलायला माणूस हवा असतो, आणि काहींकडे खरोखर ज्ञान असतं. मला मोसिनच्या खुणा वाचायला अशाच एकाने अर्धा तास घालवून शिकवलं, आणि मी त्याच्याकडून काहीही विकत घेतलं नाही. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही.

ऑनलाइन घेऊन स्थानिक परवानाधारकाकडे मागवायचा तिसरा रस्ता आहेच. आमच्याकडे त्याची फी ३० डॉलरच्या आसपास पडते. नवं पिस्तूल, मॉडेल ठरलेलं, हातात धरून झालेलं असेल, तर माझ्या मते हाच सगळ्यांत स्वस्त मार्ग. वापरलेल्या मालात मात्र तिथेही फोटोवरच भरवसा. एक बरं असतं, की बरेच विक्रेते माल हातात आल्यावर, कागद भरायच्या आधी, बघून नाकारायची दोन-तीन दिवसांची मुभा देतात. विचारून घ्या.

तर नवखा असाल आणि पहिली बंदूक घ्यायची असेल, तर मी आपला दुकानातच पाठवीन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि माझ्या ओळखीत असे दोघं आहेत ज्यांना शोमध्ये खरंच घबाड मिळालं. ते दर शोला जातात, हे मात्र ते सांगत नाहीत. जायचंच असेल तर रविवारी दुपारी दोननंतर जा. सामान पुन्हा गाडीत भरायचा कंटाळा आला की टेबलवाले जरा मऊ होतात. रोख न्या, छोटी टॉर्च न्या, आणि टाय कापायला आधी विचारा. नाही म्हणाला तर थँक्यू म्हणून पुढे व्हा. मी तेवढं एक शिकलो.

मी अजून जातोच. गेल्या नोव्हेंबरात टल्साला एका टेबलाखाली पत्र्याच्या डब्यात रिकाम्या पुंगळ्या भरलेल्या होत्या, डॉलरला मूठभर. चाळता चाळता एकीच्या बुडावर अक्षरं दिसली, ओ एफ व्ही. ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगाव. आमच्या भुसावळपासून हाकेच्या अंतरावर, १९६४ पासूनची. आळीतले निम्मे काका सकाळी डबा घेऊन तिकडेच जायचे. विकणाऱ्याला ती बेल्जियमची वाटत होती. मी डबा खाली ओतून तशा सात शोधल्या आणि एक डॉलर दिला.