डोंग्यावर भोंगा: हातातला घ्यावा की बसवून घ्यावा?

पौषात वैनगंगेवर धुकं असं बसतं की गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात समोरचा डोंगा अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. इंजिनाच्या घरघरीत हाक पोचत नाही. म्हणून भोंगा हवाच, पण तो कुठला?

वल्ह्याने डोंगा हाकून जाळी टाकणाऱ्या ढिवर भावांना माझं सरळ सांगणं, हातातला घ्या. बॅटरी नको, वायरिंग नको, घरी जाताना खांद्याला अडकवून नेता येतो. बहुतेकांत सायरनचं बटणही असतं. खोट फक्त सेलची. आमचा भोंगा मी पावसाळाभर सेलसकट खुंटीला टांगून ठेवला होता. दिवाळीनंतर झाकण उघडलं तर सेल पाझरलेले, स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. काम नसलं की सेल काढून ठेवा.

माणसं आणि मोटारसायकली पार नेणाऱ्या इंजिनाच्या डोंग्याची गोष्ट वेगळी. सुकाणूवर हात असताना भोंगा शोधत बसायला वेळ कुठे असतो? तिथे 12 व्होल्टचा ॲम्प्लिफायर, माइक, सायरन आणि पाणी सोसणारा हॉर्न पक्का बसवावा. भाजीच्या ऑटोवर असतो तसाच हा प्रकार. दुकानदार जास्त वॅटचा गळ्यात मारू पाहील, पण वॅट दुप्पट झाले तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम कळतो. त्यापेक्षा हॉर्न डोक्यांच्या वर, तोंड पुढे आणि किंचित खाली झुकवून लावा. पाणी आत साचत नाही, आणि माइक मागे राहिला की भोंगा शिट्टी मारत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. 8 ओहमचे दोन हॉर्न समांतर जोडले की 4 ओहम होतात. ते ॲम्प्लिफायरला झेपतात का हे आधी पाहा, नाही तर तो तापून जळेल.

समुद्रावरच्या नियमानुसार धुक्यात चालणारी यांत्रिक नौका जास्तीत जास्त 2 मिनिटांच्या अंतराने 4 ते 6 सेकंदांचा लांब भोंगा देते. आपल्या नदीवरही ही सवय लावावी, आणि बसवलेल्या भोंग्याने ती पाळणं सोपं जातं.

तळात पाणी चढल्याचा अलार्म मात्र दोघांनाही लागतो असं नाही. वल्ह्याच्या डोंग्यात तळाचं पाणी पायालाच कळतं. इंजिनाच्या डोंग्यात फळ्यांखाली ते चढत राहतं नि वर पत्ता नसतो. तिथे फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वर येऊन चालू होणारा स्विच, आणि बझर लावा. मी तर म्हणेन, भोंग्याच्याही आधी हे करा, आणि त्याच्याही आधी प्रत्येक सीटला लाइफ जॅकेट. फ्लोटची वायर मेन स्विचवरून न घेता फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्या, म्हणजे रात्री काठाला बांधलेल्या डोंग्यातही बझर वाजेल. दर आठवड्याला फ्लोट हाताने उचलून बघा. खाली पाला अडकला की तो वर येतच नाही.