यू-एक्सएम (नमुना फुगवून पाहणारी मायक्रोस्कोपी): काही महिने वापरल्यावर

टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीच्या सांगाड्यातली प्रथिनं शोधणाऱ्यांना आकार नडतो. टॅकिझोइट (त्याचं भराभर वाढणारं रूप) जेमतेम 7 मायक्रॉन लांब, त्याच्या टोकावरचा कोनॉइड हा शंकूसारखा भाग तर 400 नॅनोमीटरच्या आसपास. साध्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपला 200 नॅनोमीटरच्या खालचं सुटं दिसत नाही. प्रथिनाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडा, उत्तर ठरलेलं: टोकाला ठिपका. तो कोनॉइडवर की भोवतालच्या पोलर रिंग या कड्यावर, ते तुम्हीच ठरवा!

यू-एक्सएममध्ये मायक्रोस्कोप तोच, फुगवायचा नमुना. जिनिव्हाच्या गटाने 2019 मध्ये मांडलेली ही पद्धत. पेशी सोडियम अ‍ॅक्रिलेटच्या जेलमध्ये अडकवायच्या, एसडीएस या डिटर्जंटच्या बफरमध्ये 95 अंशांवर दीड तास ठेवायच्या आणि मग पाण्यात सोडायच्या. जेलची 12 मिलिमीटरची चकती 5 सेंटिमीटरच्या घरात जाते. ट्युब्युलिनची (मायक्रोट्यूब्यूल्स या सांगाड्यातल्या नळ्या ज्या प्रथिनाच्या असतात त्याची) अँटिबॉडी लावली की कोनॉइड पोकळ कड्यासारखा उघडतो आणि त्याच्याखालून निघालेल्या 22 मायक्रोट्यूब्यूल्स बऱ्याच पेशींत चक्क मोजता येतात. आपलं प्रथिन त्यांच्या आत की बाहेर, यावरचा वाद मिटतो. सोबत एनएचएस-एस्टर हा रंग जरूर लावा. सगळीच प्रथिनं रंगत असल्याने आजूबाजूचा नकाशा फुकटात मिळतो.

आता त्रास. सोडियम अ‍ॅक्रिलेटची एक बाटली आली ती द्रावण केल्यावर पिवळी. पुरवठादार म्हणे, चालेल. नाही चालत, जेल धड फुगत नाही. द्रावण रंगहीन असेल तरच पुढे जा. दुसरं म्हणजे जेल उलटं पडलं की पेशी वरच्या बाजूला जातात, खालून पाहणारं ऑब्जेक्टिव्ह (भिंग) तिथवर पोचत नाही आणि तुम्ही रिकाम्या जेलमध्ये फोकस शोधत बसता. एक कोपरा तिरका कापून ठेवायची सवय लावा. जेल सरकतंही, डिशला पॉलिलायसिनचा चिकट थर हवाच.

सिग्नल फिका येणारच. लांबी चौपट म्हणजे घनफळ 64 पट, तेवढ्या जागेत प्रथिनं तेवढीच. अँटिबॉडी सढळ हाताने वापरावी लागते, म्हणजे खर्च आला. जीएफपीची स्वतःची चमक उकळण्यात जाते, तिच्यासाठीही अँटिबॉडीच. शिवाय प्रत्येक जेल पट्टीने मोजा. ‘चारपट’ गृहीत धरून नॅनोमीटर छापू नका.

टोकाला ठिपका दिसणारं प्रथिन हातात असेल तर ही पद्धत डोळे झाकून वापरा. मात्र कॅल्शियम वाढल्यावर कोनॉइड बाहेर कसा सरकतो ते यात चालू असताना दिसणार नाही, इथे पेशी आधीच फिक्स केलेल्या, म्हणजे मारून गोठवलेल्या अवस्थेत असतात. त्यासाठी जीएफपी जोडलेल्या परजीवींची लाइन फ्रीझरमध्ये राहू द्या.