भुसावळात बॉल करी खायची असेल तर…

रेल्वे कॉलनीकडच्या एक अँग्लो-इंडियन आंटी घरूनच ऑर्डर घेतात, त्यांचं रविवारचं बॉल करी-यलो राईस एकदा खाऊन बघाच! खिम्याचे गोळे हाताने वळलेले, करीमध्ये राहूनही फुटत नाहीत, भात नारळाच्या दुधात हळद घालून शिजवलेला आणि सोबत कांदा, मनुका, व्हिनेगरची लालभडक डेव्हिल चटणी, आंबटगोड पण झणझणीत. आपल्या खान्देशी काळ्या मसाल्याची सवय असेल तर करी जरा सौम्य लागेल, मला तर तशीच आवडली. डबा मात्र गळतो, पिशवी सरळ धरा. इंग्रजांच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळात ड्रायव्हर, गार्ड बरेचसे याच समाजाचे, त्यांच्यासोबतच ही चव गावात आली, आता घरं थोडीच उरलीत, २०२० मध्ये लोकसभेतल्या त्यांच्या २ नामनिर्देशित जागाही गेल्या, वाईट वाटतं. डिसेंबरात कुलकुल अन् रोझ कुकीज हे नाताळचे गोड पदार्थ करतात, आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.