घरच्या वापरासाठी स्वस्त श्रेडर : दिवाळीपासूनचा अनुभव

कर्ज, विमा, गॅस, भाडेकरार अशा प्रत्येक कामाला आधार-पॅनच्या झेरॉक्स काढायच्या आणि उरलेल्या घरात साचायच्या. असले कागद रद्दीत घालायला मन धजत नाही. उद्या त्यांची पुडी कुठल्या दुकानात बांधली जाईल, काय सांगावं! म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत ४ हजारांच्या आतला क्रॉस कट श्रेडर, म्हणजे कागद उभा-आडवा कापून बारीक तुकडे करणारं यंत्र, घेतला. आता पावसाळाही त्याच्यासोबत काढून झाला.

घेताना सगळ्यात आधी कट बघा. साधा स्ट्रिप कट स्वस्त मिळतो, पण तो कागदाच्या फक्त लांब पट्ट्या करतो. बँकेचा उतारा आडवा छापलेला असला की अक्षरांच्या ओळी पात्यांच्या दिशेनेच जातात आणि नाव, खाते क्रमांक, रक्कम अशी आख्खी ओळ एका पट्टीवर शाबूत उतरते. बहिणीकडच्या श्रेडरच्या डब्यातून उचललेली अशी एक पट्टी मी सरळ वाचून दाखवली, तेव्हा तिलाही धक्का बसला. ६ मिलिमीटरच्या पट्ट्या असतील तर ए-फोर पानाच्या होतात जेमतेम ३५. क्रॉस कटमध्ये ४ बाय ४० मिलिमीटरचे तुकडे पडले तर त्याच पानाचे ३९०च्या आसपास होतात. खोक्यावर ‘पी-४’ लिहिलेलं असेल तर तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो. घरासाठी तेवढं भरपूर झालं.

‘एका वेळी ६ कागद’ हा आकडा पातळ, कोऱ्या कागदाचा असतो. विमा कंपनीचं जाड, घडी पडलेलं पत्र असेल तर मी तीनच घालते. पावसाळ्यात कागद सादळतो आणि हमखास अडकतो. तेव्हा रिव्हर्सचं बटण दाबायचं, ओढाताण करायची नाही.

स्वस्त यंत्राची खरी मर्यादा वेळेची. माझं दोन-तीन मिनिटं चाललं की मोटर तापून आपोआप बंद पडतं आणि मग अर्धा तास थांबावं लागतं. त्यामुळे वर्षाचा ढीग एका दुपारी संपवायचा असेल तर हे यंत्र घेऊ नका. दर रविवारी मूठभर कागद घालणाऱ्याला ते उत्तम. पात्यांसाठी तेल श्रेडरचंच घ्या: एका कागदावर नागमोडी रेघ ओढून तो आत सोडायचा, पाती लगेच हलकी फिरतात. ज्वलनशील स्प्रे मात्र चुकूनही मारू नका.

ओढणी आणि पदर खोचूनच यंत्राजवळ बसा. घरात लहान मूल असेल तर काम झाल्याबरोबर प्लग काढलाच पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

रद्दीवाला हा भुगा घेत नाही. आमच्या गच्चीवरच्या खताच्या पिंपात ओला कचरा जास्त झाला की साध्या कागदाचा भुगा घालते, पाणी छान शोषलं जातं. दुकानाची गुळगुळीत थर्मल बिलं तेवढी खतात नकोत, त्यांच्यावर रसायनांचा थर असतो. ती सुक्या कचऱ्यात.